दाभणाने दुरुस्त केलेलं इंजिन

महिपतीच्या लेकीचं लग्न उद्यावर आलं होतं आणि जेवणावळीचं भात अजून टरफलातच होतं. सुदुंबऱ्यात गिरणी एकच, कोंडाजीची. तिला मुंबईच्या भंगारातून आणलेलं लाँचीचं डिझेल इंजिन जोडलेलं. समुद्रात दमलेलं इंजिन मावळात तरणं होईल, ही कोंडाजीची अक्कल. आज ते खोकत होतं आणि काळाकुट्ट धूर ओकत होतं.

"धूर बघ, महिपती! जोर हाय जोर!"

"जोर कसला, कोंडाजीभाऊ?" राजमहंमद म्हणाला. तो अशाच लाँचीवर इंजिनाची देखभाल करणारा तेलवाला, सुटीवर आलेला. "निम्मं तेल न जळताच पळतंय. नोझल झिजलंय. तेलाचा धुक्यावानी फवारा पडाया पायजे, हितं गळकी मोरी झालीया. नवं आणा."

"नवं? अरं, भोक बुजलं आसंल! स्टोव्हला पिन मारत्यात, तसंच."

राजमहंमद ओरडेपर्यंत कोंडाजीने इंजिन थांबवून नोझल काढलं आणि त्याच्या भोकात पोती शिवायचं दाभण घुसवून गरागरा फिरवलंही. आपल्याकडे गाढवपणाला हत्यार लगेच सापडतं.

नोझल बसवून इंजिन फिरवलं. त्याने दोन ठोके दिले, गिरणीभर धूर केला आणि कायमचं बसलं.

"आता वऱ्हाडाला कोंडा वाढू?" महिपती रडकुंडीला आला. "हौशीराम व्याही लय तिरसट. पंगत मोडून जाईल!"

त्याची बायको विठाबाई पदर खोचून उठली. "बसा तुमी धूर खात. आमी सडतो." आळीतल्या बाया जमल्या, उखळं घुमली, पोती भरली.

दुसऱ्या दिवशी भाज्याहून वऱ्हाड आलं. हौशीराम गाडीतून उतरला तो थेट कोठीत. पोत्यात हात घातला, दाणा चावला.

"गिरणीचा न्हाई ना ह्यो?"

"न्हाई जी. हातसडीचा. माफी करा, इंजिन ऐन वक्ताला..."

"माफी कशाची? गिरणीच्या तांदळाला आमची म्हातारी शिवत न्हाई. तसा आसता तर हितनंच गाड्या फिरवणार व्हतो!"

महिपतीने एवढा मोठा श्वास सोडला की हौशीरामचा फेटा हलला. धावत जाऊन त्याने कोंडाजीला मिठी मारली. "भाऊ, लय येळेवर मोडलंत!"

"मुद्दामच मोडलं," कोंडाजी छाती काढून म्हणाला. "व्याह्यांचा कल आमाला ठावा व्हता."

विड्याचा पहिला मान त्यालाच मिळाला आणि त्या निलाजऱ्याने तो घेतलाही. विठाबाईने फोड आलेल्या तळहातावर फुंकर घातली.

"खाऊ द्या त्याला विडा," ती हसली. "माजी लेक उजवली, बास."