वीस वेळा एकच डबा

सकाळी दहाला माल आला आणि साडेदहाला काकांचे दुकान नकली औषधांचा अड्डा ठरले.

काकांनी काही वावगे केले नव्हते. पस्तीस वर्षे जे केले तेच केले. एकाच जातीचे वीस डबे आले, की प्रत्येक डबा यंत्रासमोर कोण धरत बसणार? औषधांच्या धंद्यात सगळे करतात तसे त्यांनी एकच डबा हातात धरला आणि स्कॅनरसमोर वीस वेळा नाचवला. टुक, टुक, टुक. जुने यंत्र यावर खूश असायचे. पण गेल्याच आठवड्यात दुकानात ब्लॉकचेन आली होती.

शिकवायला आलेल्या तरुण साहेबाने तेव्हा सांगितले होते, "काका, आता प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक. कारखान्यातून निघाला की नोंद, ठोक व्यापाऱ्याकडे नोंद, तुमच्याकडे नोंद. नोंद शेकडो संगणकांवर एकदम चढते. ब्रह्मदेव आला तरी पुसता येणार नाही. नकली मालाची खोडच मोडली!"

काकांनी मान डोलावली होती. कळले काहीच नव्हते.

आता पडदा लालभडक झाला होता. एकाच क्रमांकाचे वीस डबे म्हणजे एकोणीस नकली, असे यंत्राचे गणित. वीसच्या वीस डब्यांची विक्री बंद झाली.

काकांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी मधाळ बोलत होती.

"अहो बाई, माझ्या हातून एकच डबा वीसदा फिरला. तेवढं खोडून टाका."

"नोंद खोडता येत नाही काका. तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"मग चुकलं ते दुरुस्त कसं करायचं?"

"दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते. कारखाना, ठोक व्यापारी, वाहतूकवाला आणि तुम्ही, चौघांनी संमती दिली पाहिजे."

तिघांनी दिली. वाहतूकवाल्याने गेल्या महिन्यात धंदा गुंडाळला होता आणि संमतीचा संकेतशब्द घेऊन तो कुठे गेला ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हते.

संध्याकाळपर्यंत पुढचे झाले. ज्या खेपेत नकली माल सापडतो ती खेप यंत्र आपोआप सगळीकडे बंद करते. ती खेप शहरातल्या प्रत्येक दुकानात होती. गोळ्या आकडीच्या होत्या. आणि काकांच्या थोरल्या बहिणीला लहानपणापासून आकडी येत असे.

घरी ताईने डबी पालथी करून गोळ्या मोजल्या. "बंड्या, चारच उरल्यात. रोज एक."

"दुसऱ्या दुकानात बघतो."

"तुझं स्वतःचं दुकान असताना?"

"माझ्यामुळेच तर त्यांचीही बंद आहेत."

ताईने कपाळाला हात लावला. "आई म्हणायची, या पोराच्या हाती काही देऊ नका. तुझ्या कपाटात वीस डबे पडलेत ना? त्यातली एक पट्टी काढ."

"एक पट्टी कमी भरली, तर नकली माल विकला म्हणून आत टाकतील."

"मग मी इकडे तोंडाला फेस आणून पडते. तू तुझी नोंद सांभाळ."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी डबा उघडला, गोळी पाहिली, मोडली, हुंगली.

"गोळी तर असलीच दिसतेय," ते म्हणाले.

"असलीच आहे साहेब!"

"पण नोंदीत नकली आहे." त्यांनी कपाटाला लाखेचे सील ठोकले. "तीन दिवसांत भट्टीत घालावी लागेल. तुमच्यासमोर, तुमच्या सहीनं."

पाचव्या दिवशी सकाळी ताईने शेवटची गोळी घेतली आणि काका तपासनिसांबरोबर भट्टीवर गेले. नियम असा होता, की आगीत टाकण्याआधी प्रत्येक डबा स्वतंत्र स्कॅन करून 'नष्ट' अशी नोंद करायची. तपासनीस खुर्चीत बसून पडदा बघणार, काका एकेक डबा धरणार.

पहिला डबा तोच बदनाम. तांबडा. गेला आगीत.

दुसरा धरला. पडदा हिरवा झाला. 'असली. नष्ट.'

तिसरा. 'असली. नष्ट.'

"साहेब, बघा! असली म्हणतंय! थांबवा ना!"

तपासनिसांनी चष्मा पुसून पाहिले. बराच वेळ पाहिले. "खरंय हो. एकेक धरला की बरोबर दाखवतंय. तुम्ही आधीच एकेक धरायला हवा होता."

"मग उरलेले तरी वाचवा."

"वीस डबे नष्ट करण्याचा आदेश चढलाय. तो कोण खोडणार?"

काका एकेक डबा धरत राहिले. पडदा हिरवा होत राहिला. शहरातल्या आकडीच्या रोग्यांची औषधे एकामागून एक असली ठरत होती आणि जळत होती. विसावा डबा टुक झाला आणि कागदोपत्री जळाला. तपासनीस सहीसाठी खाली वाकून पेन शोधू लागले. काकांचा हात भट्टीकडे निघाला आणि सदऱ्याच्या आत वळला.

धुराने डोळे लाल करून काका घरी आले. डबा ताईच्या पुढ्यात ठेवला. तिने तो उलटासुलटा केला.

"असली आहे ना रे?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न काकांना हजारोंनी विचारला होता आणि त्यांनी प्रत्येकाला ताठ मानेने उत्तर दिले होते. आज त्यांनी आधी दार लावून घेतले.

"अगदी असली आहे, ताई. म्हणून तर चोरून आणावी लागली."