देवपुरातला विमानतळ

सुकदेव नानांच्या घरातून बाहेर पडायचं तर चपला घालण्याआधी मतदान करावं लागे. दाराशेजारच्या कोनाड्यात खाली-वर तीन फळ्यांवर बिस्किटांचे तीन रिकामे डबे होते. झाकणांना भोकं, आणि प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने रंगवलेला एक चेहरा: एक हसरा, एक नुसता, एक रुसलेला. नाना पाहुण्याच्या तळहातावर हरभऱ्याचा एक दाणा ठेवत, कोनाड्याचा पडदा बाजूला सारत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत. दाणा कुठल्या डब्यात पडला ते आवाजावरून कळू नये म्हणून मोठ्याने खाकरतही असत.

"टाका बिनधास्त," ते अहिराणी वळणात भिंतीला सांगत. "गुप्त शे."

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो. इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. ग्रंथालयात राहून राहून बोलायची सवय गेलीय, असं माझी बायको म्हणते. खरं तर ती मला आधीही नव्हती. आज बोलतोय, कारण त्या डब्यांपैकी एकात मी एक दाणा टाकला होता आणि तो मला सव्वा वर्ष टोचत होता.

पण आधी नाना.

नाना दीपनगरला वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. तीस वर्षं दर तासाला मीटरच्या काट्यांकडे बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. निवृत्तीच्या आधी काकू गेल्या, आणि नाना धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. एकुलती मुलगी वैशाली बंगळूरला नोकरीला लागली. आता वाचायला काटे नव्हते. नानांनी एक मोठा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. मोजके पंचवीस. त्या दिवसापासून तो विमानतळ 'आपला' झाला.

"आपल्याकडे या तिमाहीत गर्दी बरी शे," नाना भाजीच्या गाडीवर सांगत. भाजीवाला बिचारा पांझरा नदीवरच्या पुलाकडे बघे.

दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल यायचा. जाड, गुळगुळीत, इंग्रजी. नाना तो शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन महिनाभर वाचत आणि सार आम्हाला सांगत. सार एका वाक्याचं होतं: "निमित्त विमानाचं, धंदा थांबण्याचा."

"म्हणजे कसं, नाना?"

"अरे, विमान उतरलं, उडालं, त्यात किती मिळणार? खरी कमाई माणूस थांबतो त्यात शे. थांबला की चहा घेतो. चहा घेतला की खरेदी बघतो. बघता बघता पोरांसाठी चॉकलेटचा डबा घेतो, जो त्याला आपल्या गावातही मिळाला असता. अहवालात ह्याला मोठा इंग्रजी शब्द शे. मी थांबावेळ म्हणतो. ज्याची थांबावेळ वाढली, तो विमानतळ तरला!"

हे ज्ञान नानांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. धुळ्याच्या बसस्टँडवर कँटीनवाल्याला गाठलं. म्हणाले, "तुमच्या गाड्या उशिरा येतात हे केवढं भांडवल शे, आणि तुम्ही ते वाया घालवताय."

कँटीनवाला तेलातली भजी उलटत म्हणाला, "नाना, आमचं गिऱ्हाईक एक डोळा गाडीवर ठेवून खातं. घास तोंडात आणि पाय फलाटावर."

"तेच तर सांगतोय! गाडी किती वाजता सुटणार ते इथं कढईच्या वर पाटीवर लिहा. तिकडचा डोळा मोकळा झाला की दोन्ही डोळे भज्यांवर येतील. आपल्याकडे प्रत्येक दुकानातून विमानांच्या वेळांचा पडदा दिसतो, तो काय शोभेसाठी?"

कँटीनवाल्याने खरंच एक फळा टांगला. तो पुढे उधारीसाठी वापरात आला, पण कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

एकदा भागधारकांची सभा ऑनलाइन होती आणि नानांनी बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं. सकाळपासून इस्त्रीचा सफारी, पायात बूट, आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मी तांत्रिक मदतीला. दोन मिनिटं मिळाली.

"आदरणीय अध्यक्ष महोदय, मी धुळ्याहून बोलतोय. अहवाल उत्तम शे. पण त्यातले बठ्ठे, सगळेच्या सगळे फोटो मी भिंग लावून पाहिले. सगळी माणसं तरुण, सगळी हसताहेत, सगळी पळताहेत. एकही म्हातारा नाही, एकही दमलेला नाही. कोणाला निरोप देताना रडणारं माणूस तर नाहीच. मग आपल्या विमानतळावर येतं कोण?"

दोन मिनिटं संपली. मग अध्यक्ष फार अदबीने म्हणाले की सूचनेची नोंद घेतली आहे. नाना उठून उभे राहिले आणि फोनला नमस्कार केला.

जाहिरातबाजी मात्र त्यांनी पुरती आत्मसात केली. मोठमोठे विमानतळ आपापल्या फलकांवर 'सर्वोत्तम' कसे म्हणवतात, याचं कोडं त्यांनी सोडवलं होतं. "गट पाडतात रे. अमुक इतक्या प्रवाशांच्या गटात, तमुक भागात, स्वच्छतेसाठी. गट बारीक केला की पहिला नंबर येतोच." मग एके दिवशी त्यांच्या फाटकावर पाटी झळकली: 'देवपूर भागातील, दोन खोल्यांच्या, एकट्या पुरुषाने चालवलेल्या घरांच्या गटात स्वागतासाठी प्रथम क्रमांक. सलग तिसरे वर्ष.'

"परीक्षक कोण होते?" मी विचारलं.

"स्वतंत्र शेतस," नाना म्हणाले. "हरभरे."

घराची रचनाही त्यांनी बदलली. आपल्या विमानतळावर तपासणी झाली की दुकानांमधून वळसा घेतल्याशिवाय प्रवाशाला पुढे जाता येत नाही, म्हणून नानांच्या घरी फाटकातून थेट खुर्चीवर जायला बंदी होती. पेरूच्या झाडाला वळसा, मग वैशालीच्या शाळेतल्या प्रशस्तिपत्रकांची भिंत, मग काकूंच्या हातच्या भरतकामाची चादर, मग खुर्ची. चहा मुद्दाम मंद आचेवर. आधी शेव-मुरमुरे, मग गप्पा, मग चहा, आणि तुम्ही उठलात की, "अरे, केळीचे वेफर तर राहिलेच! आते काय घाई शे?" दूधवाला आणि गॅसवाला यांना मतदानाचा हक्क नव्हता, ती मालवाहतूक. समोरच्या अक्का मात्र नियमित प्रवासी.

"माले वाकता येत नही बाबा," अक्का सांगायच्या. "हसरा डबा वर शे, मी त्याच्यातच टाकस."

दर रविवारी संध्याकाळी डबे उघडले जात आणि आकडे वहीत चढत. वर्षानुवर्षं हसरा भरलेला, नुसत्यात क्वचित एखादा, रुसलेला रिकामा.

आता माझं.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीतली गोष्ट. वैशाली चार दिवस आली होती. तिला भेटायला म्हणून मी गेलो. ती आत आवराआवर करत होती, आणि मी नानांच्या तावडीत सापडलो. माझ्या घरी पाहुणे यायचे होते. नानांनी विमानतळाच्या पार्किंगवर पाऊण तास घेतला. चहा येईना. दोनदा उठलो, दोनदा बसवलं. शेवटी निघालो तेव्हा हातात दाणा आणि नाना भिंतीकडे तोंड करून खाकरताहेत. मी रुसलेल्या डब्यात टाकला.

का टाकला? थोडा राग होता. पण खरं सांगायचं तर राग निम्माच. निम्मी गंमत. बघू या तरी काय होतं ते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला शोभेल असं त्यात काहीच नव्हतं.

सोमवारी सकाळी नाना माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"अनिल, विचारू नये, पण विचारतो. तिसऱ्या डब्यात एक निघाला. या आठवड्यात तिघंच होते. अक्का, तू आणि वैशू. तू तर नाही ना रे?"

त्या वेळी 'हो, मीच' म्हटलं असतं तर दोघं हसलो असतो, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण पकडलं गेल्यावर माझ्या तोंडून खरं कधी निघालं नाही. शाळेतही नाही.

"छे! मी हसरा, नाना. नेहमीसारखा."

"बरं," नाना म्हणाले आणि गेले. तिघांतून दोघं वजा झाले की कोण उरतं, हा हिशेब मी केलाच नाही. नानांनी केला.

त्यानंतर नाना बदलले. पाटी उतरली. पेरूचा वळसा गेला. चहा पाच मिनिटांत समोर येऊ लागला, आणि कप रिकामा झाला की नानाच म्हणत, "नीघ बाबा, तुझा खोळंबा नको." विमानतळाचं नाव निघेना. अहवाल आला तो पाकिटातच राहिला. डबेही गेले. गल्लीत सगळे म्हणाले, नाना सुधारले. मीही म्हणालो. वेळेवर घरी पोचत होतो, तक्रार कशाला करू?

गेल्या दिवाळीत फाटकापाशी वैशाली भेटली. बॅग हातात, डोळे लाल.

"काका, नाना माझ्यावर रागावलेत का? सकाळी आले, तर संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलेलं. चार दिवसांची रजा टाकली होती मी. म्हणे, तुझा वेळ मोडायला नको. वर्षभर फोनसुद्धा असाच. कशी आहेस, बरी आहे, ठेवतो."

मला सगळं एकदम कळलं. माझा दाणा नानांनी तिच्या नावावर मांडला होता. आणि मी काय म्हणालो? "नाही गं. वय झालंय त्यांचं."

ती रिक्षात बसली. मी तिची बॅग उचलून ठेवली. तेवढीच माझी मर्दुमकी.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी नाना सहज बोलल्यासारखं बोलले. वैशालीला सिंगापूरला बदली मिळत होती. तिने विचारलं होतं, घेऊ का? नानांनी कळवलं होतं, खुशाल घे, इकडची काळजी करू नकोस. तिला होकार त्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

मी कामावर गेलो. ग्रंथालयात बसलो. अकरा वाजता अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट नानांकडे आलो. ते गहू निवडत होते.

"नाना, तो दाणा माझा होता."

"कोणता?"

"तिसऱ्या डब्यातला. वैशालीचा नव्हता. मी टाकला आणि तुमच्याशी खोटं बोललो."

नानांचा हात ताटात थांबला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मग तुझी तक्रार काय होती?" त्यांनी विचारलं. अगदी गंभीरपणे, जबाबदार अधिकाऱ्यासारखं.

"काही नव्हती हो. चहाला उशीर झाला होता. बाकी उगाच."

"चहा," नाना म्हणाले आणि गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी समजलो, पोर कंटाळली. तिला बसवून ठेवतो, तेच तेच बोलतो, म्हणून. म्हटलं, तोंडावर सांगता येत नाही तिला, म्हणून डब्यात टाकला."

"विचारायचं तरी नाना तिला."

"तिने हो म्हटलं असतं तर?"

नानांनी ताट बाजूला ठेवलं.

"तिची आई गेली, त्यानंतर आठ महिने आम्ही दोघं घरात. मीठ दे, लाइट बंद कर, एवढंच बोलणं. मला बोलता येत नाही रे, कंट्रोल रूममध्ये कोणाशी बोलणार? मग तिला नोकरी लागली. सोडायला गेलो. विमानतळावर पोचतो तर मेसेज, विमान चार तास उशिरा. आत जायचं सोडून ती बाहेरच कट्ट्यावर बसली माझ्याजवळ. पहिला तास गप्प. मग म्हणे, नाना, आई शेवटी काय म्हणाली होती? अन् मग बोलत सुटली. मीही बोललो. चार तास! जन्मात तेवढं बोललो नव्हतो." नानांनी चष्मा काढला. "ती आत गेली. मी विचार केला, ही कमाल कोणाची? विमानाची तर नाही, ते आलंच नव्हतं. घरी आलो आणि त्याच विमानतळाचे शेअर घेतले. आभार कसे मानायचे, दुसरं सुचलं नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. नानांनीच माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "फोन लावून दे. मला ते नाव शोधायला वेळ लागतो."

मी लावून दिला. नाना उभे राहिले, पुन्हा बसले.

"वैशू? मी बोलतोय. कामात शे का? ... नाही नाही, तब्येत चांगली शे. ... नाही, पडलो बिडलो नाही. ... अगं, बदलीबद्दल पण नाही. ती तू घे, नको घेऊ, तुझ्या मनावर." मग चष्मा पुन्हा चढवला. "काहीच काम नाही पोरी. तेच सांगाले फोन लावला. काम काही नाही."

पलीकडे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब पसरले.

"हां," ते म्हणाले. "सांग ना मग. आते काय करी ऱ्हायनी तू?"