भाल्या बापाचा बाप झाला

एका जंगलात, मुलांनो, म्हणजे जिथे सगळ्या मोठ्यांचं लहानपण फार खडतर आणि फार चांगलं अशा दोन्ही प्रकारचं गेलेलं असतं अशा एका जंगलात, भाल्या नावाचा एक तरणा साळिंदर राहत होता.

भाल्याने शाळा सोडली होती.

शाळेत घुबडगुरुजी शिकवायचे. शाळा दिवसा भरायची आणि गुरुजींना दिवसा दिसायचं नाही. समोर कोण बसलंय, कोण उठून गेलंय, काही पत्ता नसायचा. एकदा गुरुजींनी एका ओंडक्याला शिस्तीचं बक्षीस दिलं. भाल्या त्या दिवशी उठला तो परत गेला नाही. ओंडका अजून जातो. त्याचं बरं चाललंय म्हणतात.

घरी यावरून रोज रामायण. भाल्याचे वडील कंटकराव. त्यांचं काम म्हणाल तर काही नाही. आवड मात्र दांडगी. बिळाच्या तोंडाशी बसायचं आणि आल्यागेल्याला हटकायचं.

"कोण रे तो? कुठं निघालास? असा तिरका काय चालतोस?"

खेकडा बिचारा काय सांगणार?

तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी असे एक काका असतील. त्यांना घाबरू नका. त्यांना घरात कुणी विचारत नाही, म्हणून ते बाहेर विचारतात.

तर अशा या जंगलात एक वटवाघूळ आलं. लोलाबाई तिचं नाव. वडाच्या फांदीला ती उलटी लोंबकळली आणि तिने जाहीर केलं, "मी उलटी असते. म्हणून तुम्हाला पुढचं दिसतं तसं मला मागचं दिसतं. मागचं म्हणजे मागचा जन्म. फक्त तुमची आवड सांगा. या जन्मीची आवड म्हणजे मागच्या जन्मीची सवय."

दक्षिणा दोन पिकली उंबरं.

सगळी मोठी मंडळी वडाखाली जमली. एरवी यांना ओढ्यातला गाळ काढायला बोलवा, एकाचे गुडघे दुखतात, एकाची एकादशी असते. इथे पहाटेपासून रांग.

पहिला नंबर खणकरकाकांचा. खणकरकाका म्हणजे रानडुक्कर.

"काका, आवड कशाची?"

"चिखलात लोळायची," काका जरा लाजत म्हणाले.

लोलाबाईने डोळे मिटले. "दिसतंय! सोन्याचा चौरंग! दास अंगाला चंदनाचं उटणं लावतायत! काका, तुम्ही महाराज होतात!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तरीच! तरीच मला दुसऱ्याने धुतलेलं आवडतं!"

मग तरस आला. त्याला दुसऱ्याने मारलेलं खायला आवडायचं. तो निघाला मांडलिकांकडून नजराणे घेणारा राजा. बेडकाला सगळे झोपले की बोलायला आवडायचं. तोही राजा. गोगलगायीला काहीच आवडायचं नाही. ती राजमाता.

शेवटी कंटकराव पुढे झाले. "मला आपलं दाराशी बसून हुकूम सोडायला आवडतं. कुणी ऐकत नाही, तरी सोडतो."

लोलाबाई फांदीवरून पडता पडता वाचली. "सम्राट! चक्रवर्ती सम्राट! चारी दिशांना तुमचा हुकूम!"

"आणि तेव्हा ऐकायचे का हो?" कंटकरावांनी हळूच विचारलं.

"थरथरत ऐकायचे."

कंटकराव घरी आले ते तरंगतच.

आठवड्याभरात जंगलात राजे इतके झाले की दोघे समोरासमोर आले की आधी कुणी वाट सोडायची यावर दिवस मावळायचा. कामं सगळी पोरांवर पडली. महाराज गाळ काढत नाहीत. सम्राट कंदमुळं उकरत नाहीत.

भाल्या एकदा वडाखाली म्हणालाच, "सगळेच राजे, तर मग तुमचं धान्य पिकवत कोण होतं?"

"बघा! बघा कसा उलटून बोलतो!" खणकरकाका म्हणाले. "आमच्या राज्यात हे चालत नव्हतं."

"नव्हतंच चालत," तरस म्हणाला. "आमच्याही राज्यात."

मग या सगळ्या माजी राजांनी बैठक घेतली आणि ठराव केला. ज्याला मागचा जन्म आहे, तो जुना जीव. ज्याला नाही, तो नवा जीव, कालचं पोर. नव्या जिवांनी जुन्या जिवांना जागा करून द्यायची. कारण राजे आले म्हणजे दरबार आला आणि बिळं तर पूर्वीएवढीच होती.

कंटकरावांच्या बिळात जागा एकच होती. आतल्या अंगाचा कोपरा. कोरडा, उबदार, वर शिसवीच्या मुळांचं छत. त्या कोपऱ्यात भाल्या झोपायचा. जन्मापासून.

"तिथे माझा दरबार होईल," कंटकराव म्हणाले. "तू ओढ्याकाठच्या वेळूत झोप."

"बाबा, तिथे बिबट्या येतो."

"मग त्याला वाकून नमस्कार कर. मोठ्यांशी नीट वागलं की काही होत नाही."

"तो खातो, बाबा."

"तुझ्यात नम्रपणाच नाही."

भाल्याची आई मध्ये पडली. "अहो, निदान पोराचा मागचा जन्म तरी बघा. असला एखादा, तर राहील घरात."

"याला आणि जन्म?" कंटकराव हसले. "याला आवड कशाची आहे? पण चला. चारचौघांत सिद्ध होऊ दे, म्हणजे नंतर कुणी मला निर्दय म्हणायला नको."

बघा मुलांनो, मोठी माणसं तुम्हाला घराबाहेर काढतात तेव्हाही रीतसर काढतात.

दुसऱ्या दिवशी वडाखाली ही गर्दी. पोराची फजिती बघायला सगळे राजे झाडून हजर. कंटकरावांची थोरली बहीण अणकुचीआत्या लांबच्या टेकडीवरून खास आली होती. तिला दिसायचं कमी, बोलायला यायचं जास्त.

"बाळ, आवड कशाची?" लोलाबाईने विचारलं.

भाल्याच्या डोळ्यांसमोर वेळूचं बेट होतं. खोटं काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं, पण सुचेना. रागात कुणाला काय सुचतं?

"तो काय सांगणार? मी सांगतो!" कंटकराव उसळले. "दिवसरात्र झोपतो. उठला की चिडतो. जेवायला बसला की कंदाला नावं ठेवतो. काम सांगितलं की याची कंबर धरते. कुणाचं ऐकून म्हणून घेत नाही. आणि सारखं आपलं, 'मला कुणी समजून घेत नाही!' सांगा लोलाबाई, असा कुणी राजा असतो?"

"राजा नाही..." लोलाबाई अडखळली. तिने दोन उंबरं आधीच खाल्ली होती. "हा म्हणजे... असा कुणी..."

"अगंबाई!" गर्दीतून अणकुचीआत्या किंचाळली. "कंटक्या! अरे मेल्या, हे तर आपले बाबा!"

वडाचं एक पान पडलं. ते पडलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

"काहीतरीच काय, ताई?"

"अरे, कंदाला नावं! कामाच्या वेळी कंबर! 'मला कुणी समजून घेत नाही!' रोज म्हणायचे की नाही? भाल्या कधी जन्मला? बाबा गेले त्याच वर्षी ना?" आणि आत्या तशीच धडपडत पुढे आली आणि भाल्याच्या पायावर कोसळली. "बाबाऽऽ! किती वाळलात हो!"

"अगदी हेच!" लोलाबाईचा जीव भांड्यात पडला. "मला कधीचंच दिसत होतं. मी फक्त घरच्यांच्या तोंडून यायची वाट बघत होते."

आता बाबा म्हटल्यावर नमस्कार आला. आणि साळिंदर पुढे वाकला की त्याचे काटे उभे राहतात. त्यामुळे साळिंदरांत नमस्कार आणि हल्ला यांत फरक फारसा नसतो. कंटकराव वाकले. भाल्या दोन पावलं मागे सरला. कंटकराव आणखी वाकले. भाल्या वडाच्या बुंध्याला टेकला.

"औक्षवंत हो," तो कसाबसा म्हणाला. "आता पुरे."

घरी आल्यावर आईने पदर सावरला. काल सकाळी हिनेच त्याला पाठीत धपाटा घातला होता. आता म्हणाली, "मामंजी, पाय पुसून आत या. म्हणजे... आलात तरी चालेल तसेच."

भाल्या कोपऱ्यात जाऊन पसरला. कोपरा वाचला होता. आजोबांच्या कोपऱ्यात दरबार भरवायची सम्राटांची काय बिशाद?

पण कंटकरावांच्या मनातून शंका जाईना. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्याशी येऊन घुटमळले.

"बाबा, झोपलात?"

"हो."

"एक विचारायचं होतं. इतकी वर्षं मनात आहे." ते खाली बसले. आणि मुलांनो, काय सांगू, एवढा मोठा सम्राट, पण त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. "तुम्ही मला वाजवू का नाही दिलंत?"

"काय वाजवू?"

"शेपटी! माझ्या शेपटीचे काटे किती छान खुळखुळायचे. मला ताल धरायचा होता. जत्रेत वाजवायचं होतं. तुम्ही एकदा म्हणून वाजवू दिलं नाहीत. एक शब्द बोललात आणि मी बंद केलं ते आजतागायत."

भाल्या उठून बसला. बाबांना असलं काही आवडत असेल हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटायचं, हे जन्मले तेच दाराशी बसून खेकसत. त्याला वाईट वाटलं. खरंखुरं.

"अरे, मग वाजव की," तो म्हणाला. "तुला आवडतं ना? खुशाल वाजव. कोण अडवतंय?"

कंटकरावांचा चेहरा कडक झाला. ते उठले.

"नाही," ते म्हणाले. "माझे बाबा असं कधीच बोलले नसते."

"अरे पण..."

"इतकं प्रेमाने? इतकं समजून? शक्य नाही. ताईची नजर अधू आहे. तू तोतया आहेस!" त्यांनी आत्याला हाक मारली. "ताई, हा म्हणतो खुशाल वाजव!"

"बाबा म्हणाले असं?" आत्या दचकली. "मग नसतील."

"अमावास्येपर्यंत मुदत देतो," कंटकराव भाल्याला म्हणाले. "तेव्हा बाबा मला काय म्हणाले होते, तो शब्द आठवून दाखव. नाहीतर वेळूत चालता हो."

भाल्याने डोकं खाजवलं. तो शब्द त्याला कसा आठवणार? तो तेव्हा जन्मला कुठे होता?

त्याने अंदाज केले. "असभ्यपणा करू नकोस?" नाही. "लोक काय म्हणतील?" नाही. "शत्रूला आवाज जाईल?" नाही, नाही.

इकडे कंटकरावांनी वाजवायला सुरुवात केली. खरे बाबा असोत की तोतया, परवानगी मिळाली ती मिळाली. भर दुपारी, म्हणजे साळिंदरांच्या ऐन झोपेच्या वेळी, ते कोपऱ्याशी बसायचे आणि शेपूट हलवायचे. खुळखुळ. खुळ. खुळखुळखुळ. खुळ.

मुलांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ते अत्यंत वाईट वाजवायचे. ताल नाही, लय नाही. थांबतील असं वाटायचं तिथे थांबायचे नाहीत. काही काही माणसांच्या आयुष्यात अन्याय झालेला असतो हे खरं, पण म्हणून त्यांना वाजवता येत असतंच असं नाही.

पहिल्या दुपारी भाल्याने कान दाबले. दुसऱ्या दुपारी त्याने कानांत माती भरली. "छान आहे," तो दात खाऊन म्हणाला, "फक्त जरा हळू." कंटकरावांनी तुच्छतेने मान हलवली. हे बोलणंही बाबांचं नव्हतं.

अमावास्येचा दिवस उजाडला. आई कोपऱ्यातलं गवत गोळा करायला लागली. वेळूत न्यायला. आत्या रडत होती, पण कुणासाठी ते तिचं ठरत नव्हतं. ओढ्याकडून बिबट्याची डरकाळी ऐकू आली. आणि दारातून, खुळखुळ. खुळ. खुळखुळखुळ...

भाल्या कितीतरी दुपारी झोपला नव्हता. त्याच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. त्याची कंबर धरली. घसा खरवडून निघाला. आणि तोंडातून आवाज निघाला तो त्याचा नव्हताच, कुठल्या तरी म्हाताऱ्याचा होता:

"बंद कर ते, गाढवा! त्याने पोट भरणार आहे का?"

शेपूट थांबली.

भाल्याने दोन्ही पंजे तोंडावर ठेवले. आपण काय बोललो हे त्याला आत्ता ऐकू आलं. त्याला तो शब्द परत घ्यायचा होता. "नाही, म्हणजे मला तसं..." तो म्हणायला लागला.

पण कंटकरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चेहरा लहान पोरासारखा झाला होता. इतका आनंद त्यांना सम्राट झाल्यावरही झाला नव्हता.

"हाच शब्द!" ते म्हणाले. "हाच शब्द आणि हाच आवाज! बाबा! माझे बाबा!"

आणि ते नमस्काराला धावले. मागोमाग आत्या, मागोमाग आई. कोपऱ्याला मागचं दार नव्हतं.

त्यानंतर कंटकरावांनी पुन्हा कधी वाजवलं नाही. भाल्याला रोज दुपारी गाढ झोप लागते. कोपरा कायमचा त्याचा झाला. हल्ली संध्याकाळी तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या पिल्लांना विचारतो, कोण रे तू, कुठे निघालास.

तात्पर्य: मुलांनो, घरात जागा हवी असेल तर मोठ्यांशी प्रेमाने, समजुतीने बोलू नका. परके वाटाल.