प्लास्टिकमधला परवाना

आमच्या शेजारच्या मसुरकरकाकांनी स्वतःची लग्नपत्रिका लॅमिनेट केली होती. रेशनकार्ड केलं होतं, गॅसवाल्याची चिठ्ठी केली होती, आणि काकूंनी कधीतरी लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा. त्या यादीत साबुदाणा दोनदा होता.

ही पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वाशीतली आमची कॉलनी नवी होती. लोकांनी आधी फ्रीज घेतले, मग रंगीत टीव्ही. काकांनी लॅमिनेशनचं मशीन घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. एकट्याला जेवायला टेबलाचा कोपरा पुरतो, म्हणाले. तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलेली. कुठल्याही वाक्यावर त्यांचं एकच उत्तर असे: "पुरावा काय?"

"जेवलीस का गं?"

"हो काका."

"पुरावा काय?"

मी हात हुंगायला पुढे करायचे.

मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत होते. पत्रकं लिहायचे. माझ्या पत्रकात प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह असे. काका मला 'क्रांतीबाई' म्हणत आणि माझी पत्रकं लॅमिनेट करून परत देत. पत्रक वाटायचं असतं, जपायचं नसतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

काकांच्या पुढच्या खोलीत डॅनियल राहायचा. केनियाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला कॉलनीत कुणी खोली देत नव्हतं. का, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा पत्रक होईल. काकांनी मात्र त्याचा पासपोर्ट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "बरोबर आहे. ये आत."

आता डॅनियलच्या परवानगीचं प्रकरण. ते मला अजूनही धड समजलेलं नाही. व्हिसा पासपोर्टात होता, पण तो म्हणे देशात येण्याचा. राहण्याचा परवाना निराळा, म्हणजे एक दुमडलेलं जाड कार्ड. त्याच्या मागच्या पानावर दरवर्षी मुदतवाढीचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याला कॉलेजचं पत्र लागतं. कॉलेजच्या पत्राला परवाना लागतो, तोही मुदतवाढ झालेला.

"मग सुरुवात कुठून करायची?" मी कॉलेजच्या क्लार्कला विचारलं.

"तीननंतर या," तो म्हणाला.

डॅनियलने सहा खेपा घालून पत्र मिळवलं, तेव्हा मुदत संपायला चार दिवस होते. शिक्का नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, फॉर्म नाही तर तो विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हटल्यावर नैरोबीचं विमान.

शिक्क्यासाठी ठाण्याच्या ऑफिसात जायच्या सकाळी तो आंघोळीला गेला. कार्ड टेबलावर होतं. कोपरे मऊ पडलेले, घडीवर चीर गेलेली. काकांना ते बघवलं नाही.

डॅनियल टॉवेल गुंडाळूनच आमच्या दारात आला. हातात चकचकीत परवाना.

"दीदी," तो म्हणाला, "ये अभी भी गरम है."

मागून काका. "आता चहा सांडू दे, काही सांडू दे! शंभर वर्षं हलत नाही!"

"काका, याच्यावर आज शिक्का मारायचाय."

काका घाईने आत जाऊन ब्लेड घेऊन आले.

कडेने सोडवून बघितलं, तर प्लास्टिकबरोबर गेल्या वर्षीच्या शिक्क्याचा तुकडा उठायला लागला. तसेच निघालो. बेलापूर रोडने बस ठाण्याला पोचेपर्यंत काका ते कार्ड मांडीवर धरून बसले होते.

परदेशी लोकांच्या नोंदणीचे साहेब शांत होते. सवयीने त्यांनी शिक्का मारला. शाईचे थेंब झाले. त्यांनी अंगठ्याने पुसलं. शिक्का गेला आणि अंगठा जांभळा झाला.

"कागद आत आहे," ते म्हणाले.

"दिसतोय ना पण!" मी म्हणाले.

"दिसतोय. पोचायचं कसं?"

माझं डोकं फिरलं. "अहो, माणूस समोर उभा आहे! वर्षभर इथेच राहतोय! त्याला विचारा!"

"राहतो हो. पण राहतो असं दिसतं कुठे?"

"करेक्ट!" काका म्हणाले. "पुरावा काय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आम्ही नक्की कुणाच्या बाजूने आलो होतो, हेच मला कळेना. डॅनियल मान खाली घालून बुटाकडे बघत होता.

साहेबांनीच वाट काढली. नोंद त्यांच्या रजिस्टरात होती. घरमालकाने कार्ड कसं खराब झालं ते लिहून द्यावं, राहण्याचा फॉर्म भरावा; नवं कार्ड आजच देतो, म्हणाले. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि तीस वर्षांत कुणाच्या कागदावर लिहिलं नसेल ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सदर चूक सर्वस्वी माझ्या हातून झाली असून विद्यार्थ्याचा काहीही दोष नाही.' मग फॉर्म घेतला. नाव, पत्ता, सेक्टर, खोल्या, सगळं झरझर.

साहेबांनी फॉर्म परत त्यांच्याकडे फिरवला. "हा रकाना राहिला. हा घर कधी सोडणार, त्याची तारीख."

"अजून दोन वर्षं कोर्स आहे त्याचा."

"मग ती टाका."

काकांनी पेन टेकवलं. उचललं. चष्मा काढून शर्टाने पुसला, परत घातला, परत पेन टेकवलं. कागदावर निळा ठिपका तेवढा उमटला.

"सही झाल्याशिवाय कार्ड देता येणार नाही," साहेब म्हणाले.

"सही करतो की." त्यांनी सही केली, खाली दोन रेघा ओढल्या आणि फॉर्म पुढे सरकवला. "तारीख तेवढी तुम्ही घाला साहेब. माझ्याच्याने नाही होत."

साहेबांनी कॉलेजचं पत्र उघडलं आणि त्यावरून तारीख उतरवायला घेतली. ती लिहून होईपर्यंत काका आमच्याकडे पाठ करून उभे होते.