मठपती सरांचा इरण्णा

मठपती सरांना सात आणि पाच यांची बेरीज करायची असली, की माझ्या मेसचे डबे लागतात.

हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी दुपारचं वाढप खोळंबलं होतं. लातुरात मी मुलींचं वसतिगृह आणि मेस चालवते. कोणता डबा कोणत्या खोलीचा, कोणाला भात चालत नाही, कोणाचा सोमवार, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. डबे कमी पडले म्हणून शोधत खाली गेले, तर पार्किंगमध्ये आमचे शेजारी मठपती सर डबे ओळीने मांडून उभे. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी. भोवती माझ्या मुलींचं कोंडाळं, आणि मधोमध नांदेडची सानिया ओंजळ पुढे करून उभी.

"चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करायचं," सर तिला बजावत होते. "स्वतःचं डोकं चालवायचं न्हाई."

सानियाने पहिला डबा उघडला. चिठ्ठीत होतं, पाचव्या डब्यातला आकडा ओंजळीत घे. दुसऱ्यात होतं, सहाव्यातला आकडा त्यात मिळव. तिसऱ्यात, बेरीज सातव्या डब्यात ठेव. चौथ्यात फक्त, थांब.

"सर, बारा होतात. मला तोंडी येतं," सानिया म्हणाली.

"तुला येतं गं. त्याला येत न्हाई. आणि आत्ता तू तो हाईस."

तो म्हणजे इरण्णा. सर उदगीरकडच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक घर बांधतात, सरांनी संगणक बांधला. तोही हातात धरता येईल असा नाही. त्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावरच दिसणारा. त्यात डब्यांची एक मांडणी आहे आणि धोतर नेसलेला बोटभर माणूस आहे. तो पहिल्या डब्यापाशी जातो, हुकूम वाचतो, पाळतो, पुढच्या डब्यापाशी जातो. हुकूम त्याला मोजकेच कळतात. ओंजळ एकच. तिच्यात दुसरा आकडा घेतला की पहिला गेला.

"प्रत्येक संगणकाच्या पोटात हाच बसलेला असतो, ताई," सर मला म्हणाले. "बाकीच्यांचा लई जोरात पळतो म्हणून दिसत न्हाई. माझा चालतो."

वसतिगृहाची बिलं मी कितीतरी वर्षं संगणकावर करते. आत नेमकं काय चालतं हे मला त्या दुपारी कळलं, तेही डबे परत मागायला गेले असताना. मी तशी कोणाची पटकन तारीफ करत नाही, पण असा शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"इरण्णाला अक्कल न्हाई, इमान हाय," हे त्यांचं पालुपद. त्याची खरी झळ बसते ती त्यांच्या बायकोला, महादेवी अक्कांना. अक्का एकदा लग्नाला देवणीला गेल्या आणि जाताना सरांना खिचडी कशी करायची ते सांगून गेल्या. सरांनी मांडवात फोन लावला. "तू म्हणालीस डाळ-तांदूळ कुकरात टाका. धुवायचा हुकूम राहिला. धुवून टाकू का तसेच?"

"तुमच्या इरण्णाला विचारा," म्हणून अक्कांनी फोन ठेवला. सरांनी त्या दिवशी माझ्याकडे डबा लावला.

सरांना चूक म्हणून खपत नाही. लग्नपत्रिका आली की ते लाल पेन घेऊन बसतात, आणि तिथी-वार जुळत नसेल तर यजमानाला कळवतात. माझ्या मेसच्या फळ्यावर भाज्यांची नावंसुद्धा त्यांनी दुरुस्त केली आहेत. "चूक ही इरण्णाची कधीच नसते. हुकूम देणाऱ्याची असते. आणि आपल्या हुकमात आजवर खोट निघाली न्हाई," हे ते छाती काढून सांगत. अक्का आतून म्हणत, "हाव, हाव. देवाच्या खालोखाल तुम्हीच."

रेणुका त्यांच्याकडे जायला लागली ते याच सुमारास. जळकोटची मुलगी, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. सराव परीक्षांचे गुण घसरत गेले तशी ती गप्प झाली. डबा तसाच परत यायला लागला. एकदा मी शेजारी बसून विचारलं, तर म्हणाली, "काकू, मी हात लावते ते चुकतंच. वडलांना म्हणलंय, रविवारी येऊन मला घेऊन जावा."

आणि अशा दिवसांत ही मुलगी रोज संध्याकाळी इरण्णासमोर जाऊन बसायची. अभ्यासक्रमात त्यातलं काहीही नव्हतं. मला ते पटत नव्हतं. पण तिकडून आली की ती थोडंफार जेवायची, म्हणून मी बोलले नाही.

रविवारी वडील आले. मी हिशोब पुरा करून, तिची गादी मोकळी करायची असं ठरवून बसले होते. रेणुका पिशवी न घेताच खाली आली.

"बाबा, परीक्षा होऊस्तोवर मी हितंच ऱ्हाते."

वडील माझ्याकडे बघायला लागले, मी तिच्याकडे.

"अगं, तूच म्हणलीस ना, न्यायला या?"

"म्हणले होते. पण शेजारच्या सरांचं वय झालंय, बाबा. लई चुकून राहिलेत. परवा त्यांनी उत्तर ठेवलं ते पुढच्या हुकमाच्याच डब्यात. हुकूम पुसला गेला आणि इरण्णा बिचारा अडकला. त्यांना दिसलंच न्हाई, मी काढून दिलं. काल थांबायचा हुकूमच विसरले. रोज एक तरी निघते. मीच सापडवून देते सगळ्या. मी गेले तर त्यांना कोण बघणार?"

वडील जेवून, चार वाजताच्या बसने एकटे परत गेले. रेणुका राहिली याचं मला बरं वाटलं, पण सरांचा घोर लागला. ज्या माणसाने आयुष्यात पत्रिकेतली तिथी सुटू दिली नाही, तो थांबायचा हुकूम विसरतो? दुसऱ्या दिवशी नाश्ता उरकून मी त्यांच्याकडे गेले. डॉक्टरचं नाव मनात तयार होतं.

दार अक्कांनी उघडलं. आत सर लॅपटॉपसमोर बसलेले, चहावर साय धरलेली.

"अक्का, सरांची तब्येत बरी आहे ना? रेणुका म्हणत होती, चुका व्हायला लागल्यात."

अक्का हसल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "होत न्हाईत गं माय. करून राहिलेत. सकाळपासून एक चूक घेऊन बसलेत. लई सोपी केली तर पोरीला कळतं म्हणतात, लई अवघड केली तर पोरगी खचते म्हणतात. बरोबर करायला त्यांना कधी एवढा वेळ लागला न्हाई."

बाहेर येऊन मी सरांसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अक्कांनी सांगितलं हे ओळखलं.

"ताई, तिला बोलू नका."

"पण सर, ती तुम्हाला म्हातारं समजते. साऱ्या वसतिगृहात सांगते, सरांचं आता ध्यान राहत नाही म्हणून."

"सांगू द्या," सर म्हणाले, आणि पडद्याकडे वळले. "काल तर म्हणाली, सर, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मी येते सोबत. मी म्हणलं, हाव बाई, जाऊ."