अधिक दूरची मावशी

कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारणे हे ज्याचे काम, आणि म्हणून ज्याला सगळे 'जावक' म्हणत, त्या कारकुनावर सोमवारी सकाळी स्वतःच बाहेर जाण्याची वेळ आली. त्याची मावशी रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या शेजारणीचा फोन आला, "शुद्धीवर आहेत, सारखं तुमचंच नाव घेतायत. लगेच निघा."

जावक अर्ज लिहायला बसला. नुसतं 'मावशी' लिहून भागलं असतं. पण माणूस सरळमार्गी, त्याने 'लांबची मावशी' असं लिहिलं. मावशी त्याच्या आईची मावसबहीण. तो रांगत असतानाच आई गेली, आणि न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं या लांबच्या मावशीनेच केलं होतं.

रजा विभागातल्या बाईंनी अर्ज आधी चष्म्यातून आणि मग चष्म्यावरून वाचला.

"लांबची म्हणजे दूरची, की अधिक दूरची?"

"लांबची म्हणजे... लांबची, बाई."

"असं कसं? लांब हे बोलायला झालं. परिपत्रकात लांब नाही. तिथं दूर आहे आणि त्याच्यापुढे अधिक दूर आहे. तुमची यातली कोणती?"

परिपत्रक स्पष्ट होतं. दूरच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारासाठी अर्धा दिवस रजा. अधिक दूरच्यासाठी रजा नाही; हळहळ मात्र जागेवर बसून, कामाचा खोळंबा न करता व्यक्त करण्यास हरकत नव्हती.

बाईंनी पाठकोऱ्या कागदावर नातं मोजायला घेतलं. मनाने वाईट नव्हत्या बिचाऱ्या. "तुम्ही, मग आई, मग आजी, आजीची बहीण, मग या. ओढूनताणून दूरमध्ये बसतायत हो!"

जावकच्या जिवात जीव आला.

"मधली सगळी हयात आहेत ना?"

"नाही. आई गेली, आजी गेली, तिची बहीणही गेली."

"अरे देवा. मग या बाजूने नाही जाता येणार. हयात माणसांवरूनच मोजायचं असतं. वडील?"

"आहेत. त्यांनी दुसरं लग्न केलंय."

"छान. वडिलांवरून सावत्र आई, सावत्र आईवरून तिचा भाऊ..." नातं काढता काढता कागद संपला आणि मावशी अधिक दूरच्याही पलीकडे, समासात जाऊन पडली. "सावत्र आई मात्र अगदी जवळची बरं का. त्यांच्यासाठी तीन दिवस मिळतात. त्यांची तब्येत कशी असते?"

"ठणठणीत."

"अगं बाई," बाई मनापासून हळहळल्या.

शेजारणीचा पुन्हा फोन आला. "निघालात का?"

"निघतोच आहे," जावक म्हणाला आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

साहेब सहृदय होते. "रुग्णालय कुठे आहे?"

"इथून दोन थांबे."

"एवढ्या जवळ?" साहेबांचा चेहरा पडला. "बाहेरगावी असत्या तर प्रवासाच्या रजेत बसवलं असतं. आता पाहा, नात्याने त्या फार लांब आणि रस्त्याने फार जवळ. दोन्हीकडून तुमचंच नुकसान."

"साहेब, तिनं मला वाढवलंय."

"वाढवणं हे नातं नाही, ती सेवा झाली. सेवेबद्दल आभारपत्र पाठवता येतं. तरी तुमच्यासाठी एक करतो. 'लांब' याचा अर्थ काय घ्यावा, असं वरच्या कार्यालयाला विचारू. पत्र आजच्या आज गेलं पाहिजे."

पत्र आजच्या आज गेलं. त्यावर शिक्का अर्थातच जावकनेच मारला, आणि सवयीने तो सुबक उमटला.

जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी जावक जागेवरच होता. त्याचे डोळे भरून आलेले पाहून शेजारच्या टेबलावरचा आवक कारकून वैतागला. "वेडा आहेस का तू? मावशी कसली सांगत बसलास? घरी नळ फुटलाय म्हण."

जावकने जाऊन तसं सांगितलं. साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, मग इथं काय करताय? पळा! पाणी वाया जातंय!" रजेच्या बाईंनी धावत येऊन प्लंबरचा नंबर दिला. नळ नात्याने कोण लागतो, हे कोणी विचारलं नाही.

रुग्णालयाच्या दारातच शेजारीण भेटली. "आत्ताच गेल्या हो. मघापर्यंत दाराकडे बघत होत्या."

जावक तिथेच फरशीवर बसला. हेच खोटं सकाळी बोललो असतो तर भेट झाली असती, या विचाराने त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळं कार्यालय त्याच्याभोवती जमलं. पाणी घरात शिरलं का, भिंतीला ओल आली का, प्लंबरने किती लुबाडलं? साहेबांनी स्वतःच्या घरचा फुटलेला नळ रंगवून सांगितला. जावकला राहवेना.

"मावशी गेली," तो म्हणाला.

सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. मग रजेच्या बाईंनी चाचरत विचारलं, "ती... कालची लांबचीच ना?"

"हो. लांबचीच."

"हां," असं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा प्यायला घेतला. आता तुम्हीही पान उलटायला हरकत नाही. सख्खी असती, तर जरा थांबावं लागलं असतं.