सासऱ्यांच्या गाडीचं तेलपाणी

लग्नाला वर्ष होत आलं तरी सासरे मला 'तुम्ही'च म्हणत. घरच्या पोराला माणूस 'तू' म्हणतो, पाहुण्याला 'तुम्ही'. मला पाहुणा राहायचं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी ते जेव्हा म्हणाले, "जावईबापू, दुपारी बाहेर जायचंय, गाडीचं जरा तेलपाणी बघाल का?" तेव्हा मी लगेच "हो" म्हणून मोकळा झालो.

(नेमकं काय बघायचं, हे विचारायला हवं होतं. पण मी इतका लाजाळू, की दुकानदारानं सुट्टे कमी दिले तरी 'थँक्यू' म्हणून निघतो.)

मी बेकरीत पीठ मळतो. शाळा लवकर सुटली, पीठ काही सुटलं नाही. आमच्याकडे तेल आणि पाणी एकाच परातीत जातं. मी बॉनेट उघडलं. एका झाकणावर तेलाच्या कॅनचं चित्र होतं. ते काढून डिकीतलं ऑइल ओतलं आणि मागोमाग तांब्याभर पाणी. नीट मिसळावं म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. मग तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर तिला दुधाळ कॉफी लागलेली! इतकं एकजीव झालं होतं, की कारागीर म्हणून मला जरा अभिमानच वाटला.

तेवढ्यात बायको आली.

"अहो, हे काय ओतलंत?"

"तेलपाणी."

"एकाच भोकात?"

"मग? वेगवेगळं कशाला?"

तिनं कपाळावर हात मारला. "पाणी रेडिएटरमध्ये घालतात हो! आता गाडी पळवली की इंजिन बसलंच. बाबांचा जीव आहे त्या गाडीत!"

बाबा तर स्टिअरिंगवर बसलेसुद्धा. मी खिडकीतून हात घातला, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"अहो, किल्ली द्या."

"नाही देत."

"का?"

"तेलात पाणी आहे."

"कुणी घातलं?"

(इथे बायको आकाश बघू लागली.)

"मी. मनापासून."

सासरे लालबुंद झाले. पण जावयाला शिवीसुद्धा मानानंच द्यावी लागते. "अहो... आपण गाढव आहात का हो?"

मेकॅनिक आला. खालून सगळी कॉफी काढली, नवं ऑइल घालून इंजिन फिरवलं, तेही काढून पुन्हा नवं भरलं. गाडी छान गुरगुरली.

"वाचली," तो म्हणाला. "रस्त्यावर काढली असती तर इंजिन जाम झालं असतं. किल्ली कुणी काढून घेतली?"

"जावयांनी," बायको पटकन म्हणाली.

सासरे माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तू..."

तू! मी बाहीनं डोळे पुसले. बायकोनंही पदर डोळ्याला लावला.

"...गाडीपासून जरा लांब उभा राहा."

मी आनंदानं मागे सरकलो.

"आणखी," सासरे म्हणाले.